चार बोटं

पुणे-बंगळूर महामार्गावर, कागलच्या अलीकडे, एका पंक्चरवाल्याच्या टपरीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं वाचलं: 'इलेक्ट्रिक गाडी जॅकवर घेतली जाणार नाही.' खाली बारीक अक्षरांत, 'वाद घालू नये.' टायर तोच, नट तेच, पान्हाही तोच. मग दारात आलेलं गिऱ्हाईक हा माणूस का घालवतो? विचारलं तर म्हणाला, "बुडाला लागलं तर टपरी इकून भरायचं काय?" आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींचा पत्ता दिला. "ते घेत्यात. पण बघून घेत्यात."

त्या 'बघून'साठी मी उद्यमनगरात गेलो.

लेथची घरघर आणि तापलेल्या कटिंग ऑइलचा वास ओलांडून गल्लीच्या टोकाला गॅरेज. मिस्त्री साठीला टेकलेले. इंजिन सुरू केल्यावर बॉनेट न उघडता दोष सांगणारा माणूस अशी त्यांची ख्याती, आणि आता समोर उभी असलेली पांढरी नेक्सॉन इव्ही काही बोलायलाच तयार नाही. राधानगरीच्या बाजूच्या रस्त्यांनी आलेली. टायर पुढचे मागे करायचे, एवढंच काम.

पेट्रोलच्या गाडीला मिस्त्रींनी हे काम हेल्परवर सोडलं असतं. जॅक सरकवायचा, मधला आडवा दांडा सापडला की पंप मारायचा. गाडी उचलणं हे कधी कौशल्य मानलंच गेलं नाही. गॅरेजमध्ये नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी तेच शिकतो. या गाडीच्या पोटाखाली मात्र मधोमध सपाट, रुंद, मजबूत दिसणारी पेटी आहे. जॅक लावायला याहून चांगली जागा नाही असं कुणालाही वाटेल, आणि नेमकी तिथेच बॅटरी आहे. २०२० च्या पहिल्या नेक्सॉन इव्हीत ती ३०.२ युनिटची होती, २०२२ च्या मॅक्समध्ये ४०.५. गाडीतली सगळ्यात महागडी वस्तू कंपन्यांनी सगळ्यात खाली ठेवली. वजन खाली राहिलं की गाडी वळणावर घट्ट बसते, आत पाय ठेवायला जागा मिळते. कारणं रास्त आहेत. उचलणाऱ्याचा विचार त्यात कितपत होता, याबद्दल मला शंका आहे.

मिस्त्रींनी लिफ्टच्या बटणाला हात लावला नाही. पुठ्ठा अंथरला, टॉर्च घेतला आणि गाडीखाली गेले. "आधी आपण खाली जायचं, मग गाडी वर." दारांखालच्या पट्टीवर, चाकांच्या जवळ, उचलायच्या चार जागा असतात. खुणा असतात, पण राधानगरीच्या लाल चिखलाखाली त्या कुठून दिसणार? ओल्या फडक्याने त्यांनी चारही जागा पुसल्या. मग मोबाईल काढून बॅटरीच्या तळाचे फोटो घेतले. एका कोपऱ्यात जुना ओरखडा होता, त्याचा वेगळा. मालकाला दाखवला. "हे आमच्याकडं यायच्या आधीचं, बरं का." मालक मान हलवून परत फोनवर.

टू-पोस्ट लिफ्टला चार लोखंडी हात असतात. ते गाडीखाली फिरवून प्रत्येकाच्या टोकावरचा रबरी पॅड त्या जागेखाली आणायचा. मिस्त्रींनी पहिला पॅड लावला आणि त्याची कड व बॅटरीची कड यांच्यामध्ये आपला पंजा आडवा धरला. अंगठा सोडून चार बोटं बरोबर बसली. "एवढीच जागा. चार बोटं." मग दुसऱ्या हाताशी गेले, तिथेही बोटं घातली. तिसऱ्या ठिकाणी तीनच बसली. पॅड बाहेर ओढला. टेप खिशात होता, काढला नाही. त्या काळ्या, चिरा पडलेल्या बोटांकडे मी पुनःपुन्हा बघत राहिलो.

"पोरं पॅडकडं बघत्यात," ते म्हणाले, "हाताकडं न्हाई." पॅड जागेवर असला तरी त्यामागचा तिरपा लोखंडी हात बॅटरीच्या कडेखाली येऊ शकतो. गाडी वर चढताना तो टेकला की काम झालं. म्हणून पॅडखाली उंचीचे तुकडे घालायचे, हात खालीच राहिला पाहिजे. ही गोष्ट मी तरी कुठल्या जाहिरातीत पाहिलेली नाही.

टेकलं तर काय होतं? पत्र्याला पोचा पडतो, बाहेरून रुपयाएवढा. पेटी पाण्यात मीटरभर अर्धा तास टिकेल अशी सीलबंद असते. चौकट मुरडली तर त्या सीलचा भरवसा संपतो, आणि कोल्हापूरला पाणी म्हणजे काय हे सांगायला नको. आतला सेल दाबला गेला असेल तर बिघाड लगेच दिसेलच असं नाही. आठवड्याने दिसतो, आणि तेव्हा नाव येतं शेवटच्या गॅरेजचं.

मी त्यांना टेस्लाची गोष्ट सांगितली. २०१३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत सिॲटलजवळ एका मॉडेल एसखाली रस्त्यावरचा लोखंडी तुकडा आला, पाव इंची चिलखती पत्र्याला तीन इंचांचं भोक पडलं आणि गाडी पेटली. आघात पंचवीस टनांच्या तोडीचा असावा, असं इलॉन मस्क यांनी लिहिलं. पुढच्या मार्चमध्ये कंपनीने खाली टायटॅनियमची ढाल बसवली. मिस्त्री शांतपणे ऐकून म्हणाले, "पंचवीस टन कशाला? ही चौदाशे किलोची गाडी. एका कोपऱ्यावर साडेतीनशे. चुकीच्या जागी तेवढं बास हाय."

मग गाडी वीतभर उचलली, थांबवली, दोन्ही बाजूंनी हलवून पाहिली, पुन्हा टॉर्च, पुन्हा चार बोटं. नंतर वर. खाली उभं राहिलं तर तेलाचा थेंब नाही, सायलेन्सर नाही. वाळत्या चिखलाचा वास. हाय-व्होल्टेजच्या नारिंगी वायरींकडे हेल्परने उत्सुकतेने बघितलं तसा मिस्त्रींचा आवाज चढला. "त्या रंगाला हात न्हाई." टायरचं काम पुढच्या काही मिनिटांत उरकलं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

उचलायच्या जागांची आकृती गाडीच्या पुस्तिकेत असते. पुस्तिका मालकाच्या ग्लोव्हबॉक्समध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत. चार ठिकाणी ठळक पिवळा रंग लावायला कारखान्यात किती खर्च येईल? महामार्गावरच्या टपरीवाल्याने पुस्तिका वाचून जॅक लावावा, ही अपेक्षा ठेवणाऱ्यांनी एकदा पावसात स्टेपनी बदलून पाहावी. अर्थात कित्येक इलेक्ट्रिक गाड्यांत आता स्टेपनीही नसते.

बिल झालं. टायर फिरवणे, हवा. इतका वेळ ज्यात गेला त्याची ओळच नाही. मी विचारलं, "मिस्त्री, उचलायचे वेगळे का लावत नाही?"

"लावलं होतं की. लोक म्हणाले, गाडी वर घ्यायचं पण पैसे? मग टायर काय जमिनीवर बदलणार होता?" त्यांनी बिलबुक पुढे केलं. तळाशी एक ओळ होती: 'खालून सफाई – ८०.'

"फडकं मारतो न्हवं? सफाईचं देत्यात."