किरणोपचाराची हजेरी

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर जे किरण घ्यावे लागतात त्यांचे प्रत्यक्ष काम काही मिनिटांत आटोपते. परंतु त्या काही मिनिटांसाठी शहापूर तालुक्यातल्या बाईला भल्या पहाटे घर सोडून आसनगाव, आटगाव किंवा खर्डी यांपैकी जवळचे स्थानक गाठावे लागते, आणि ती मुरबाडकडची असेल तर, त्या गावाला अद्याप रेल्वे नसल्यामुळे, आधी एस.टी.ने कल्याणपर्यंत येऊन मग लोकल धरावी लागते. बोरीबंदरपासून आसनगाव सुमारे 85 किलोमीटर आणि कसारा सुमारे 120. आणि हे अंतर आठवड्यातले पाच दिवस, खाडा न करता, जाऊन येऊन तोडायचे असते. म्हणूनच, गाठ लहान असताना रोग उमगलेल्या बाईपुढे डॉक्टरांनी ‘स्तन राखून गाठ तेवढी काढू, पण मग किरण घ्यावे लागतील’ आणि ‘सबंध स्तन काढून टाकू’ असे दोन मार्ग ठेवले, म्हणजे आमच्याकडची बाई पुष्कळदा दुसरा मार्ग पत्करते, आणि त्या निवडीत रोगाच्या भीतीइतकाच खेपांचा हिशेब असतो. गाठ मोठी असली किंवा रोग काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेला असला तर स्तन काढूनही किरण चुकत नाहीत, ही गोष्ट तिला पुष्कळदा मागाहून कळते.

माझी गाठ डाव्या बाजूची होती आणि ती स्तन राखून काढता आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म शिकवण्यात गेलेला असल्यामुळे, कोणतीही गोष्ट समजून घेतल्यावाचून तिच्या स्वाधीन होणे माझ्या स्वभावात नाही. ‘रोग काढून टाकला आहे, तर मग किरण कशासाठी?’ हा प्रश्न मी डॉक्टरांना सरळ विचारला, आणि त्यांनी तो टाळला नाही. शस्त्रक्रियेने जे दिसते ते निघते; जे सूक्ष्मदर्शकाखेरीज दिसणार नाही असे काही पेशीपुंज आसपासच्या भागात मागे राहिलेले असू शकतात, आणि त्यांचा निकाल लावण्यासाठी किरण. जगातल्या निरनिराळ्या देशांतील दहा हजारांवर स्त्रियांची माहिती एकत्र करून 2011 साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला त्याप्रमाणे, स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर किरण न घेतलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे 35 जणींना दहा वर्षांच्या आत रोग पुन्हा उद्भवला, तर किरण घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे 19 जणींना. आणि पंधरा वर्षांत या रोगाने झालेले मृत्यू शेकडा 25 वरून 21 वर आले. शंभरातल्या चार जणी वाचणे म्हणजे काय, हे ज्या घरातली आई वाचली त्या घरालाच विचारावे.

परळचे टाटा रुग्णालय आमच्या भागात कुणाला अपरिचित नाही. लेडी मेहरबाई टाटा यांचे 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले, त्यानंतर सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्त निधीतून 28 फेब्रुवारी 1941 रोजी ते उघडले, आणि 1962 पासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. ज्या विभागाकडे अणुभट्ट्यांचा कारभार, त्याच विभागाकडे कर्करोगाचे रुग्णालय असावे, याचे मला पूर्वी नवल वाटे. किरणांच्या खोलीत शिरल्यावर त्यातला संबंध कळला.

किरण सुरू होण्याआधी नियोजनाचा दिवस असतो, आणि माझ्या मते सगळ्या उपचाराचा पाया त्या दिवशी घातला जातो. एका उतरत्या फळीवर पाठ टेकवून निजायचे, डोके एका खाचेत, दोन्ही हात डोक्यावरून मागे नेऊन आधारांवर ठेवायचे. ज्या बाजूची काख शस्त्रक्रियेत उघडली असेल त्या बाजूचा खांदा आखडलेला असतो, आणि हात तसा वर राहत नसेल तर किरणांची तारीखच पुढे जाते. शस्त्रक्रियेनंतर लगेच शिकवलेला, भिंतीवर बोटे चालवत हात इंच इंच वर नेण्याचा व्यायाम ज्यांनी घरी मनापासून केला असेल त्यांना तो दिवस सोपा जातो. माझ्या व्रणावर तंत्रज्ञ मुलीने एक बारीक तार चिकटवली, जेणेकरून सीटी स्कॅनच्या चित्रात व्रण नेमका कुठे आहे ते उमटावे, स्कॅन झाला, मग त्वचेवर शाईच्या रेघा आल्या आणि काही ठिकाणी सुईच्या टोकाने गोंदणाचे ठिपके. शेजारच्या खोलीतली एक शहरी बाई त्या टोचण्याला फार घाबरली होती. आमच्याकडच्या ठाकर बायांचे कपाळ आणि हात लहानपणीच गोंदलेले असतात. त्यांना त्याचे काही वाटत नाही.

पुढले काम रुग्णाच्या दृष्टीआड चालते. स्कॅनच्या एकेका पातळ छेदावर डॉक्टर स्तनाची, काखेची, गळ्याच्या हाडामागच्या भागाची सीमा आखतात, आणि त्याचबरोबर जे राखायचे आहे त्या हृदयाची व फुप्फुसांचीही. मग वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ किरणांच्या दिशा, आकार आणि मात्रा यांचे गणित मांडतात. किरण छातीत सरळ खाली घुसवले तर ते हृदयापर्यंत जातील. म्हणून ते दोन्ही बाजूंनी तिरके, जवळजवळ स्पर्शरेषेत, छातीच्या गोलाईवरून निघून जातील अशी योजना करतात. डाव्या बाजूच्या रुग्णाला आणखी एक गोष्ट शिकवतात: खोल श्वास घेऊन तो धरून ठेवायचा. फुप्फुस भरले म्हणजे हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरते, आणि किरण तेवढ्या अवधीतच सोडतात. भजनाची सवय असल्यामुळे श्वास धरणे मला जड गेले नाही.

उपचाराच्या खोलीला जाडजूड काँक्रीटच्या भिंती असतात, जाण्याचा मार्ग वळणाचा असतो आणि दार अवजड असते. रोज सकाळी पहिला रुग्ण आत येण्याअगोदर यंत्रातून निघणारी मात्रा मोजून पाहण्याचा शिरस्ता आहे. रुग्ण आला की नाव विचारतात, दप्तरातले छायाचित्र आणि फाईलचा क्रमांक ताडून पाहतात. रोज त्याच मुली, रोज तीच मी, तरी हा प्रश्न एकही दिवस गाळला गेला नाही, आणि त्या गोष्टीने माझा विश्वास जितका वाढला तितका दुसऱ्या कशाने वाढला नाही. मग भिंतींतून आणि छतातून लेसरच्या बारीक रेषा अंगावर पडतात, आणि भूमापन कचेरीचा मोजणीदार जुन्या हद्दीच्या दगडांशी नकाशा जुळवतो त्याप्रमाणे त्या मुली माझ्या अंगावरचे ठिपके त्या रेषांशी जुळवू लागतात. मी आपण होऊन मदतीला सरकले की त्या थांबवीत: ‘‘मावशी, तुम्ही अंग अगदी सैल सोडा, आम्ही हलवतो.’’ अंगाखालची चादर किंचित ओढून, खांदा तळहाताने जरासा ढकलून, कधी तसूभरही नव्हे इतके सरकवून त्या दोघी एकमेकींना आकडे सांगत. ज्या भागाचे काम तेवढाच उघडा, बाकीचे अंग झाकलेले. माझ्या वयाच्या, परपुरुषासमोर पदर न ढळू दिलेल्या बायांना हा संकोच किती मोठा असतो याची जाण त्यांच्या हातांना होती.

सगळे जुळले की त्या बाहेर जातात, दार लागते, आणि आपण एकट्या. त्या आपल्याला पडद्यावर पाहत असतात आणि त्यांचा आवाज ऐकू येतो: ‘‘श्वास घ्या. धरा.’’ यंत्राचे डोके वळते, त्याच्या तोंडाशी असलेल्या टंगस्टनच्या पातळ पट्ट्या आपापल्या जागी सरकून नेमलेला आकार धरतात, एक घरघर ऐकू येते, ‘‘सोडा,’’ आणि मग दुसऱ्या बाजूने तसेच. आग नाही, वेदना नाही, काहीसुद्धा जाणवत नाही.

पूर्वी या कामी कोबाल्टची यंत्रे सर्रास होती. भाभा अणुसंशोधन केंद्राने स्वदेशी बनावटीचे ‘भाभाट्रॉन’ तयार केले आणि त्यातले पहिले 2005 साली टाटा संस्थेच्याच खारघरच्या केंद्रात बसवले गेले. माझे किरण लिनियर अ‍ॅक्सिलरेटरचे होते: त्यात इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देऊन धातूच्या लक्ष्यावर आदळवतात आणि त्यातून क्ष-किरण निघतात. वीज बंद केली की किरण बंद. या बाहेरून दिलेल्या किरणांतले काहीही रुग्णाच्या अंगात उरत नाही, हे मी मुद्दाम ठासून लिहिते, कारण किरण घेऊन आलेल्या सुनेजवळ लेकरू देऊ नये, तिचे ताट वेगळे ठेवावे, असले निर्बंध मी आमच्या भागातल्या चांगल्या घरांतून पाहिले आहेत. त्या बाईने घरी येऊन लेकराला खुशाल कुशीत घ्यावे.

हे किरण पेशीतल्या पाण्यावर आघात करतात, त्यातून अत्यंत क्रियाशील कण उत्पन्न होतात, आणि ते पेशीच्या डीएनएचे धागे तोडतात. निरोगी पेशी काही तासांत ते धागे बऱ्याच अंशी सांधते. कर्करोगाच्या पेशीला ते तितके साधत नाही, आणि विभाजनाची वेळ आली की ती मरते. म्हणून मात्रा एकदम न देता रोज थोडी थोडी. अनेक वर्षे जगभर 50 ग्रे मात्रा 25 हप्त्यांत, म्हणजे पाच आठवड्यांत, देण्याचा प्रघात होता. ब्रिटनमध्ये 1999 साली सुरू झालेल्या चाचण्यांनी 40 ग्रे 15 हप्त्यांत, तीन आठवड्यांत, दिले तरी परिणाम तेवढाच होतो हे 2008 साली, आणि मग दहा वर्षांच्या पाठपुराव्यासह 2013 साली दाखवून दिले. 2020 साली निवडक रुग्णांसाठी 26 ग्रे पाचच हप्त्यांत, एका आठवड्यात, पुरतात असेही तेथूनच सिद्ध झाले. गाठीच्या जागी काही जणींना वरून आणखी मात्रा द्यावी लागते, ती निराळी. ज्यांनी हे प्रयोग केले त्यांना खर्डी किंवा म्हसा ही गावे ठाऊक असण्याचे कारण नाही; पण पाचाचे तीन आणि तीनाचा एक आठवडा झाल्याने सर्वांत मोठे उपकार कुणावर झाले असतील तर ते अशा गावांवर.

माझे किरण आषाढात चालू होते. मुरबाडच्या पलीकडची, चाळिशीतली एक बाई माझ्याआधीच्या वेळेला येई. पाऊस धरला तशी ती एके दिवशी म्हणाली, ‘‘बाई, आवणी उरकली की येते मी परत. तवर मशीन कुठं पळून जातंय?’’ तंत्रज्ञ मुलीने ते ऐकले आणि लगोलग डॉक्टरांना बोलावले. त्यांनी तिला बाकावर बसवून सांगितले की, मध्ये खंड पडला तर मागे राहिलेल्या पेशींना सावरायला अवधी मिळतो, आणि झालेल्या उपचाराचा परिणाम घटतो. तिने मुकाट्याने ऐकले. पुढे तिच्या वाड्यातल्या लोकांनी सावडीने तिच्या खाचरात रोपे लावली, आणि तिची हजेरी चुकली नाही.

त्रास होतो तो हळूहळू आणि बराचसा नंतर. गोऱ्या त्वचेवर लाली येते. आमच्या सावळ्या त्वचेवर काळपटपणा येतो, खाज सुटते, आणि काखेत व स्तनाखालच्या घडीत, जिथे घाम साचतो तिथे, क्वचित सालपट निघून ओल धरते. किरण संपल्यानंतरही आठवडा-दोन आठवडे हा त्रास वाढतच असतो. कोमट पाणी, सौम्य साबण, सैल सुती झंपर, एवढेच पथ्य. तेल, हळद, पाल्याचा लेप यांतले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. थकवा मात्र असा येतो की दुपारी भाकरी थापायला बसले तरी हात जागच्या जागी राहतो, आणि घरच्यांना तो दिसत नाही. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला पुढे सूज येण्याचा धोका राहतो, त्याला इजा आणि अवजड ओझे यांपासून जपावे लागते. पण आमच्याकडे तान्सा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे असूनही, त्यांतले तान्सा 1892 पासून भरत असूनही, चैत्र-वैशाखात कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, आणि हंडा-कळशी उचलायची ती बाईनेच. तो हात जपायचा कसा, याचे उत्तर रुग्णालयाच्या कागदावर लिहिलेले नसते. ते घरातल्या पुरुषांनी द्यायचे आहे.

ज्यांना रोज ये-जा झेपत नाही त्यांच्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही आश्रयस्थाने आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचार बसतो. त्यासाठी शिधापत्रिका आणि आधारपत्र यांचा बंदोबस्त गावातून निघण्याआधीच करावा. लोकलमधला दिव्यांगांचा डबा कर्करोगाच्या रुग्णांनाही खुला असतो.

आणखी एक विनंती करून थांबते. टाटा रुग्णालयाने 1998 साली मुंबईच्या वस्त्यांतील दीड लाखांवर स्त्रियांमध्ये एक अभ्यास सुरू केला. त्यात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी स्तनांची तपासणी केली. त्याचा निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाला: पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. गाठ लवकर सापडली तर उपचारही आटोपशीर होतो. शासनाच्या कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीची ही तपासणी आरोग्यकेंद्रात व्हावयाची आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या माझ्या भगिनींनी या पावसाळ्याआधी उपकेंद्रात जाऊन ती करून घ्यावी. आणि ज्यांना किरण सांगितले आहेत त्यांनी आवणी, कापणी, लग्नकार्य यांपैकी कशासाठीही ते अर्धवट टाकू नयेत.