गाडी रेल्वेची, मालकी आयआरएफसीची

डब्यावर नाव भारतीय रेल्वेचे. चालवणारे, दुरुस्त करणारे, तिकीट तपासणारेही रेल्वेचेच. तरीही गेल्या काही दशकांत आलेल्या असंख्य डब्यांची, इंजिनांची आणि वाघिणींची कागदोपत्री मालकी दिल्लीतल्या एका कंपनीकडे आहे. तिचे नाव इंडियन रेल्वे फायनान्स कॉर्पोरेशन, म्हणजेच आयआरएफसी. तिच्याकडे ना कारखाना, ना यार्ड. कर्मचारी जेमतेम काही डझन आणि कारभार चार लाख कोटी रुपयांच्या वरचा.

12 डिसेंबर 1986 रोजी ही कंपनी स्थापन झाली, त्यामागे एक साधी अडचण होती. नव्या गाड्यांसाठी रेल्वेला पैसा मिळे तो स्वतःच्या शिलकीतून किंवा अर्थसंकल्पातून. दोन्हीकडे ओढाताणच असायची. बाजारातून कर्ज उभारावे, तर रेल्वे हे सरकारी खाते. स्वतःच्या नावाने रोखे काढायची तिला सोय नाही. म्हणून रेल्वे मंत्रालयाच्या छत्राखाली कर्ज काढणारी वेगळी कंपनी उभी केली गेली.

तिची कामाची पद्धत अशी. कंपनी रोखे आणि मुदत कर्जांतून पैसा उभारते आणि त्यातून घेतलेल्या गाड्या रेल्वेला 30 वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. पहिल्या 15 वर्षांत मुद्दल आणि व्याज भाड्यातून पुरते वसूल होते, पुढची 15 वर्षे भाडे नाममात्र. शेवटी मालमत्ता नाममात्र किमतीत रेल्वेच्या नावावर होते. कंपनीची कमाई म्हणजे कर्जाच्या खर्चावर लावलेला छोटा नफा. गाड्यांवर हा दर एके काळी 0.40 टक्के होता. म्हणजे 100 कोटींच्या डब्यांवर पहिल्या वर्षी 40 लाख रुपये. मुद्दल फिटत जाते तशी ही रक्कमही घटते. परतफेडीला पैसा कमी पडला, तर तो रेल्वे मंत्रालयाने भरायचा, अशी करारातच तरतूद आहे. त्यामुळे बुडीत कर्ज शून्य. 2024-25 मध्ये कंपनीने सुमारे 6,500 कोटींचा निव्वळ नफा मिळवला.

हा पैसा येतो कुठून? बँका, विमा कंपन्या आणि परदेशी गुंतवणूकदार यांच्याकडून. 2017 मध्ये कंपनीने 50 कोटी डॉलरचे हरित रोखे काढून ते लंडनच्या शेअर बाजारात नोंदवले. कंपनीच्या कर्जात मध्यमवर्गीय घरातला पैसाही आहे. पुण्यातला जुना फ्लॅट विकून झालेल्या नफ्यावरचा कर वाचवायला सहा महिन्यांच्या आत ‘54 ईसी’ रोखे घेता येतात. मर्यादा 50 लाखांची, पैसे पाच वर्षे अडकतात. हे रोखे काढणाऱ्या मोजक्या सरकारी कंपन्यांत आयआरएफसी आहे. 2021 च्या जानेवारीत 26 रुपयांना विकलेला तिचा शेअर 2024 मध्ये दोनशेच्या पार गेला, तेव्हा ती घराघरांत पोहोचली.

मला या कंपनीचे खरे मोल तिच्या मूळ शिस्तीत दिसते. कर्ज काढायचे ते लगेच कमावू लागणाऱ्या वस्तूसाठी. वाघीण रुळावर आली की माल भरते, भाडे मिळवते, स्वतःचा हप्ता स्वतः फेडते. नव्या मार्गाचे तसे नसते. कोकण रेल्वे महामंडळाने 1990 पासून रोख्यांवर मोठा भार टाकून मार्ग बांधला. 1998 मध्ये तो पूर्ण झाला, पण वाहतूक वाढायला वेळ लागला आणि महामंडळ वर्षानुवर्षे व्याजाच्या ओझ्याखाली राहिले. मार्ग हवाच होता, पण त्याचा खर्च व्याजाच्या पैशावर पेलणे कठीण होते.

तीच कसोटी पुढे आयआरएफसीपुढे आली. 2011-12 पासून ती मार्ग आणि अन्य प्रकल्पांनाही पैसा देऊ लागली. 2015 मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना एलआयसीकडून पाच वर्षांत दीड लाख कोटी घेण्याचा करार झाला. प्रत्यक्ष उचल त्याहून बरीच कमी झाली. दुहेरीकरण आणि विद्युतीकरण निकडीचे होतेच, पण त्यांचे उत्पन्न सावकाश येते आणि भाड्याचा बोजा रेल्वेच्या ताळेबंदावर पडतो. शिवाय हे कर्ज अर्थसंकल्पाबाहेरचे, त्यामुळे सरकारी तुटीच्या आकड्यात ते दिसत नसे.

2023-24 पासून सरकारने धोरण बदलले. रेल्वेची भांडवली गुंतवणूक मुख्यतः अर्थसंकल्पातून होऊ लागली आणि आयआरएफसीकडून नवे कर्ज घेणे थांबले. जुन्या पट्ट्यांचे भाडे मात्र येतच राहील. मार्च 2025 मध्ये ‘नवरत्न’ दर्जा मिळालेली ही कंपनी आता रेल्वेशी निगडित इतर ग्राहक शोधते आहे; एनटीपीसीसाठी कोळसा वाहणाऱ्या वाघिणींना तिने पैसा पुरवायला घेतला आहे. हा मार्ग तिच्या मूळ शिस्तीशी जुळतो आणि तोच तिने धरून ठेवावा. रेल्वेमार्ग ही देशाची गरज आहे, तेव्हा त्यांचा खर्च संसदेपुढे उघडपणे मांडलेल्या अर्थसंकल्पातून व्हावा. गाड्या मात्र स्वतःच्या कमाईवर कर्ज फेडू शकतात. ही विभागणी पाळली, तर रोखे घेणाऱ्याचा पैसाही सुरक्षित राहील आणि रेल्वेचे हिशेबही स्वच्छ राहतील.