हरीण नादाला भुलते का?

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो. त्यांत एक हरीण आहे. पारध्याच्या गाण्याला भुलून ते फाशात सापडते, म्हणून साधकाने विषयगीतांपासून दूर राहावे, असा त्याचा धडा. एकनाथांच्या टीकेमुळे हे हरीण मराठीत आले आणि कीर्तनांत स्थिरावले. पतंग रूपाने, मासा चवीने, तसे हरीण नादाने जाते, हे आपण इतके गृहीत धरले आहे की ते नक्की कशाला भुलते, हा प्रश्न सहसा पडत नाही.

हे तपासण्यासाठी उत्तर अमेरिकेकडे पाहावे लागते. तिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार ठरलेल्या हंगामात आजही कायदेशीर आहे आणि आवाज काढून हरीण जवळ आणणे हे शिकाऱ्यांचे नेहमीचे तंत्र आहे. त्यासाठी ते ‘ग्रंट कॉल’ नावाची नळी वापरतात. नळीत एक पातळ पत्ती असते. फुंकर मारली की ती थरथरते आणि नराच्या हुंकारासारखा घोगरा, तुटक आवाज निघतो. पत्तीवरचे रबरी कडे सरकवून तिचा थरथरणारा भाग लांब केला तर मोठ्या नराचा खर्ज निघतो. आखूड केला तर मादीचा किंवा पाडसाचा बारीक स्वर येतो. त्यात कानाला गोड लागेल असे काहीच नाही.

मग हरीण का येते? जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी १९८८ मध्ये या हरणांच्या बारा वेगवेगळ्या आवाजांचे वर्णन प्रसिद्ध केले. मादी हलक्या हुंकाराने लपलेल्या पाडसाला दूध पाजायला बोलावते. वरचढ नर एका हुंकाराने दुसऱ्याला दटावतो. माजावर आलेल्या मादीच्या मागे फिरणारा नर ठरावीक लयीत पुन्हा पुन्हा हुंकारतो. शिकारी बहुतेक वेळा नक्कल करतो ती या शेवटच्या आवाजाची. दिवस लहान होऊ लागले की माजाचा काळ जवळ येतो आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत नोव्हेंबरमध्ये तो भरात असतो. मादी जेमतेम एखादा दिवस नराला जवळ येऊ देते. त्यामुळे हा हुंकार ऐकणाऱ्या दुसऱ्या नराला ‘इथे मादी आहे आणि तिच्यामागे कुणीतरी लागला आहे’ अशी बातमीच मिळते.

बातमी म्हटली की ती ऐकणारा कोण, याला महत्त्व आले. फार खर्जातला हुंकार ऐकून लहान नर काढता पाय घेतो. सोबत मादी असलेला नर कितीही फुंकले तरी ढळत नाही. जो येतो तोही सरळ येत नाही. वळसा घालून वारा आवाजाकडून आपल्याकडे येईल अशा बाजूने तो वास घेत येतो आणि माणसाचा वास लागला की पळतो. धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्याला जनावर तीस-पस्तीस मीटरच्या आत यावे लागते, म्हणून मचाणावरचा अनुभवी शिकारी नळी क्वचितच फुंकतो. नर दिसतो आहे पण दूर चालला आहे, तेव्हा दोन-तीन हुंकार काढून तो गप्प बसतो. सारखा आवाज आला तर हरीण तो काढणाऱ्याला नजरेने शोधू लागते.

नराच्या बाबतीत ही चढाओढ आहे. पाडसाच्या आर्त ओरडण्याची नक्कल करणारी शिट्टी मात्र मादीसाठी असते आणि तिथे मामला वेगळा होतो. सुझन लिंगल आणि टोबियास रीडे यांनी कॅनडाच्या गवताळ प्रदेशात अशा आर्त आवाजांची ध्वनिमुद्रणे वाजवून पाहिली. ती केवळ पाडसांची नव्हती. त्यांत सीलचे पिल्लू, मांजराचे पिल्लू, मानवी बाळसुद्धा होते. स्वर पाडसाच्या पट्टीत बसत असेल तर हरणी ध्वनिक्षेपकाकडे धावून येत. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. धोक्यातल्या पिलापर्यंत पोचायला उशीर झाला तर पिलू जाते, त्या मानाने चुकीच्या हाकेला ओ देणे आईला स्वस्त पडते.

एवढे कळल्यावर ‘हरीण नादाला भुलते’ असे म्हणणे मला हरणावर अन्याय करणारे वाटते. ते मोहाने येत नाही, आपल्याच भाषेतला अर्थ ओळखून येते. खोटेपणा त्या भाषेत बोलणाऱ्याचा असतो. शिकाऱ्यांच्या समाजालाही ही जाणीव काही प्रमाणात आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत तोंडाने फुंकायची नळी चालते, पण हरणाच्या शिकारीसाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवायला बंदी आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकारच बंद झाली. पण हरणाच्या आवाजाचा अर्थ जाणणारी माणसे आपल्या जंगलांत आहेत. ताडोबात गाइड अचानक गाडी थांबवायला सांगतो, बोट ओठांवर ठेवतो आणि ‘चितळाचा कॉल आहे’ म्हणतो. ती हाक इतर चितळांसाठी असते. वाघ कुठल्या अंगाला आहे, ते तिच्यावरून त्यालाही कळते. त्यासाठी त्याला हरणाला काहीच सांगावे लागत नाही.