धडधडीमागचे कॅल्शियम

बंगळुरूच्या मॅजेस्टिक परिसरात रस्ता ओलांडताना एखादी बस अचानक अंगावर येते आहे असे वाटले, तर आपण झटकन मागे सरतो आणि त्याच क्षणी छाती धडधडू लागते. मराठीत या अनुभवासाठी शब्दांची वाण नाही. काळजात धस्स होते, उरात धडकी भरते, काळजाचा ठोका चुकतो. (खाटकाकडे ‘कलेजी’ म्हणून मिळते ते मात्र यकृत, पण भाषेने भीतीचे घर काळजातच ठेवले आहे.) प्रत्यक्षात ठोका बहुधा चुकत नाही, तो जलद आणि जोरकस होतो.

हा बदल घडवणारे संप्रेरक म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिन. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ते रक्तात सोडतात; त्याचेच भावंड असलेले नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हृदयातील चेतातंतूंच्या टोकांतून स्रवते. निरोप देण्यासाठी या द्रव्यांना हृदयपेशीत शिरावे लागत नाही. पेशीपटलावरील ग्राही प्रथिनांशी ती जोडली गेली की आत चक्रीय एएमपी नावाचा रेणू तयार होतो. त्यामुळे कार्यरत झालेले एक विकर निवडक प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवते.

या साऱ्या खटाटोपाचा रोख कॅल्शियमवर असतो. विश्रांतीच्या वेळी हृदयपेशीच्या आत कॅल्शियमचे आयन बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असतात. विजेची लहर येताच पटलातील दारे उघडतात. थोडे कॅल्शियम आत येते आणि ते पेशीतील कोठाराची दारे उघडून आणखी पुष्कळ कॅल्शियम मोकळे करते. त्यासरशी स्नायू आकुंचन पावतो. कोठारांच्या दारांचे महत्त्व हृदयापुरतेच नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गैती हसन यांनी फळमाशीवर केलेल्या संशोधनात, चेतापेशींतील अशा एका प्रकारच्या दारात दोष असला की माशीला उडता येत नाही, असे दिसून आले.

अ‍ॅड्रेनॅलिनमुळे पटलातील दारे अधिक उघडतात, हे पूर्वीपासून ठाऊक होते. फॉस्फेट दारावरच बसत असावा, असा दीर्घकाळ समज होता. २०२० मध्ये कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी वेगळेच दाखवले. दाराला ‘रॅड’ नावाच्या एका लहान प्रथिनाची खीळ असते. फॉस्फेट त्या रॅडवर बसतो आणि खीळ निघते. कॅल्शियम पुन्हा कोठारात भरणाऱ्या पंपालाही ‘फॉस्फोलॅम्बन’ या प्रथिनाची अशीच खीळ असते आणि तीही याच रीतीने निघते. ही दुसरी खीळ मला अधिक महत्त्वाची वाटते. मिनिटाला ७० ठोक्यांवरून १५० वर जाणारे हृदय तितक्याच चपळाईने सैल पडले नाही, तर त्यात रक्त भरायला वेळच उरणार नाही.

पण हा निरोप थांबलाच नाही तर? हृदय दुर्बल झाले की शरीर त्याला सतत असेच हाकत राहते आणि ते अधिकच खचते. बीटा-ब्लॉकर ही औषधे ग्राही प्रथिने अडवून धरतात. ठोक्याचा जोर कमी करणारे औषध दुर्बल हृदयाला कसे द्यायचे, म्हणून ते पूर्वी निषिद्ध मानले जाई. १९७५ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील डॉक्टरांनी काही रुग्णांना ते देण्याचे धाडस केले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत अशा रुग्णांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे आढळले. आज बंगळुरूच्या श्री जयदेव हृदयरोग संस्थेपासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत ही औषधे परिचयाची आहेत. ती अल्प मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. रुग्णाने मात्र ती आपल्या मनाने एकाएकी बंद करू नयेत. औषध चालू असताना पेशीवरील ग्राही प्रथिनांची संख्या वाढलेली असते, त्यामुळे अडसर दूर होताच नेहमीचा निरोपही हृदयाला फार मोठा वाटतो.