उजव्या हाताला नर्मदा

1977 साली जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड नर्मदेच्या काठाने मंडल्याकडे चालत निघाले. तेव्हा अमरकंटकपासून भरूचपर्यंत नर्मदेच्या मुख्य पात्रावर एकही मोठं धरण नव्हतं. नर्मदेला प्रदक्षिणा घालायच्या या परिक्रमेचा नियम सरळ होता: नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, ती कुठेही ओलांडायची नाही आणि चातुर्मासात एका जागी थांबायचं. तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस ही शास्त्रातली मुदत. वेगडांनी परिक्रमा तुकड्यातुकड्यांनी केली. 2018 साली ते गेले, तोवर त्यांच्या त्या पहिल्या वाटेचा मोठा भाग बरगी धरणाच्या पोटात गेला होता.

गेल्या पन्नास वर्षांतल्या परिक्रमेचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात या पाण्यापासूनच करावी लागते. 1990 मध्ये बरगी पूर्ण झालं. 2004 साली इंदिरासागर धरणासाठी हरसूद गाव उठवलं गेलं. माणसांनी स्वतःची घरं स्वतःच्या हातांनी पाडली, विटा आणि दारं-चौकटी गाड्यांवर लादून नेल्या. पुढे ओंकारेश्वरचं धरण झालं. 1961 साली पायाभरणी झालेलं सरदार सरोवर 2017 मध्ये दारं बंद करून 138.68 मीटरच्या पूर्ण उंचीला गेलं आणि 2019 च्या पावसाळ्यात पहिल्यांदा काठोकाठ भरलं. वाहती नदी कित्येक टप्प्यांत साठलेलं पाणी झाली.

चालणाऱ्याला हे पायांनी कळतं. उपनदी ओलांडायला परिक्रमेत हरकत नाही. पण त्या उपनदीच्या तोंडात जो फुगवटा शिरला आहे, ते पाणी नर्मदेचंच ना? मग ते नावेने ओलांडायचं की टेकड्यांमागून वळसा घ्यायचा? जुन्या परिक्रमावासींना हा प्रश्न पडलाच नव्हता. आता आश्रमाच्या ओसरीवर संध्याकाळी हाच वाद रंगतो आणि प्रत्येक जण आपापल्या श्रद्धेने तो सोडवतो. बरेच जण सरळ डांबरी रस्ता धरतात. मग दिवसचे दिवस नर्मदामैयाचं दर्शन होत नाही.

मराठी माणसाचं या वाटेशी नातं जुनं आहे. गुजरातेत गरुडेश्वरला वासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामींची समाधी आहे, 1914 सालची. गो. नी. दांडेकरांनी ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहून परिक्रमा मराठी घरात आणली. जगन्नाथ कुंट्यांच्या ‘नर्मदेऽऽ हर हर’ने तर लाटच आणली. आज ओंकारेश्वरच्या घाटावर कार्तिकात उभं राहिलात तर संकल्प सोडणाऱ्यांत पुणे, नाशिक, डोंबिवली, सांगलीची माणसं हमखास भेटतात. बसने पंधरा-वीस दिवसांत परिक्रमा करून आणणाऱ्या यात्रा कंपन्याही झाल्या. चैत्रात तिलकवाड्याजवळच्या उत्तरवाहिनी परिक्रमेला तर पाय ठेवायला जागा नसते. गुडघे गेलेल्या आजीला बसमुळे मैया दिसते, याचा मला आनंदच आहे. पण पायी परिक्रमा आणि बसची परिक्रमा एकच, असं मात्र मी म्हणणार नाही.

कारण पायी परिक्रमा उभी आहे ती काठावरच्या माणसांवर. दिवस कलला की परिक्रमावासी एखाद्या दाराशी जाऊन ‘नर्मदे हर’ म्हणतो. आतून प्रश्न येतो, “कितनी मूर्ती?” नाव, गाव, जात कोणी विचारत नाही. माणसं मोजली जातात आणि तेवढा शिधा बाहेर येतो: परातीत पीठ, वाटीभर डाळ, कागदाच्या पुडीत मीठ, दोन सुक्या मिरच्या, कधी गुळाचा खडा. हे सदावर्त. तीन दगड मांडायचे, गोवऱ्या पेटवायच्या, जाड टिक्कड निखाऱ्यावर भाजायचे. देणारी बाई तोवर दारात उभी असते आणि टिक्कड करपतोय असं दिसलं की स्वतः येऊन उलटते. तिच्या घरात उद्याचं पीठ असतं की नाही, हे आपण विचारत नाही. विचारायला हवं.

शूलपाणीच्या झाडीची गोष्ट अशीच अर्धवट सांगितली जाते. तिथे भिल्ल परिक्रमावासींना लुटायचे, लंगोटीवर सोडायचे, हे प्रत्येक जुन्या वर्णनात आहे. त्या ‘मामां’नी लुटलं म्हणजे मैयाने मोह काढून घेतला, असं भाविक मानत. पण त्याच भिल्लांचं पुढे काय झालं, हे परिक्रमेच्या पुस्तकांत फार थोडं सापडतं. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात मणिबेलीला होतं. ते बुडालं, देव गुजरातेत गोरा गावाजवळच्या नव्या मंदिरात गेला. मणिबेलीसह महाराष्ट्रातली तेहेतीस गावं सरदार सरोवराच्या बुडिताखाली आली. कोणी तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत गेलं, कोणी डोंगरात वर सरकून तिथेच राहिलं. नर्मदा बचाव आंदोलनाने त्यांच्या मुलांसाठी जीवनशाळा चालवल्या. देवाचं पुनर्वसन झालं तितक्या सन्मानाने माणसांचं झालं नाही, हे मला मनापासून वाटतं.

या काळात एक उलटी गोष्टही घडली. नाशिकच्या भारती ठाकूर 2005-06 मध्ये पायी परिक्रमेला गेल्या आणि पुढे निमाडात लेपा गावी मुलांच्या शिक्षणासाठी राहिल्याच. सदावर्ताची परतफेड अशीही करता येते.

नर्मदेच्या मुखाशी विमलेश्वरहून समुद्रातून मीठी तलाईला जाणारी नाव अजूनही भरतीची वाट बघूनच सुटते. अमरकंटकला माई की बगियात अजूनही कन्यापूजन होतं, कढईचा शिरा वाटला जातो. हे टिकलं आहे.

यंदा देवउठनी एकादशीनंतर निघणार असाल तर थोडे दिवस का होईना, पायी चाला. प्लास्टिकचे दिवे, कपडे, निर्माल्य पाण्यात सोडू नका. ज्या दारात शिधा घेतलात, तिथे निघताना धान्याची एक पिशवी ठेवा. आणि बुडिताच्या काठाला राहणाऱ्या माणसाकडे रात्री आसन लावलंत, तर त्याचं जुनं गाव कुठे होतं, ते त्याला आवर्जून विचारा.