कायदा दलालांसाठी, कोठडी बायकांना

१९१७ साली मुंबईच्या डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात अक्कूताई नावाच्या बाईचा छळ करून जीव घेतला गेला. तिने तिथून पळून जायचा प्रयत्न केला होता. खटला गाजला, गुन्हेगारांना शिक्षा झाली आणि एरवी त्या गल्ल्यांकडे काणाडोळा करणारं शहर खडबडून जागं झालं. सहा वर्षांनी, १९२३ मध्ये, मुंबई प्रांताचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आला. रोख दलालांवर होता खरा, पण रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणंही त्यात गुन्हा ठरलं. म्हणजे जिच्यासाठी कायदा केला, तिलाच आरोपी करायची सोय आरंभापासून होती.

ती सोय पुढे कुणी काढून टाकली नाही.

अल्पवयीन मुलीला या धंद्यासाठी विकणं-विकत घेणं १८६० च्या दंड संहितेतच गुन्हा होता. १९५० मध्ये भारताने न्यूयॉर्कला माणसांच्या व्यापाराविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली आणि त्याला धरून १९५६ चा केंद्रीय कायदा झाला. १९८६ च्या दुरुस्तीनंतर तो ‘पिटा’ (अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा) या नावाने पोलीस ठाण्यांत रुळला. यात शरीरविक्रय हा मुळात गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, मुली पुरवणं, त्यांना डांबून ठेवणं, त्यांच्या कमाईवर जगणं हे गुन्हे आहेत.

कागदावर हे चोख वाटतं. पण कलम ४ नीट वाचावं. अठरा वर्षांवरची कुणीही व्यक्ती जाणूनबुजून त्या कमाईवर जगत असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद. त्यात दलाल येतो, तसा त्या बाईचा कॉलेजात शिकणारा मुलगाही येऊ शकतो आणि म्हातारी आईसुद्धा. कलम ८ ची तऱ्हा आणखी न्यारी: गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल बाईला सहा महिन्यांपर्यंत कैद, तोच गुन्हा पुरुषाने केला तर जास्तीत जास्त तीन महिने!

छाप्याची रीत ठरलेली. नोटांचे नंबर पंचनाम्यात टिपायचे, बनावट गिऱ्हाईक आत सोडायचं, त्याने खूण केली की पोलीस जिना चढतात. घरवालीला अटक, मुलींची ‘सुटका’. कलम १७ नुसार त्या सुटकेचा मुक्काम सुधारगृहात एक ते तीन वर्षं असू शकतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत चारशेहून अधिक मुली अशा बाहेर काढल्या गेल्या. त्यांत नेपाळच्या पुष्कळ होत्या. पण त्यांना ठेवायला धड जागा नव्हती आणि मायदेशही चटकन दार उघडेना. अखेर काही जणींना नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी परत नेलं.

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी मालाडच्या छाप्यात सापडलेल्या तीन सज्ञान तरुणींना सोडायचा आदेश दिला. खालच्या न्यायालयाने त्यांना उत्तर प्रदेशातल्या महिलागृहात धाडायचं ठरवलं होतं. उच्च न्यायालयाने बजावलं, की सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध डांबता येणार नाही.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात राज्यांना आदेश दिले: सुधारगृहांत मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायका शोधून त्यांना मोकळं करा, निरोध सापडला म्हणून तो पुरावा धरू नका. हा धंदा कायदेशीर झाल्याच्या बातम्या तेव्हा झळकल्या. वास्तविक छाप्यात सज्ञान बायकांना अटक करू नये, या न्यायालयानेच नेमलेल्या समितीच्या शिफारशीवर केंद्र सरकारने हरकत नोंदवली होती आणि न्यायालयाने राज्यांना बंधनकारक केलेल्या शिफारशींत ती नव्हती. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. अल्पवयीन मुलांच्या खरेदी-विक्रीची कलमं आता ९८ आणि ९९ झाली. ‘पिटा’चं कलम ८ मात्र जिथल्या तिथे आहे.