दुपारची गोळी

सहेरीच्या वेळी दस्तरखानावर बसलेल्या अब्बांचा मांडीवरचा हात आपोआप थरथरतो. घरच्यांना वाटते, झोप झाली नसेल. मग शर्टाची बटणे लावायला वेळ लागू लागतो, चाल मंदावते. कळमनुरीहून नांदेड गाठून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवले, की आजाराचे नाव कळते : पार्किन्सन. आयुर्वेदातला कंपवात तो हाच. मेंदूत डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, म्हणून हे घडते.

पहिला प्रश्न असतो औषधाचा. आजार थांबवणारे औषध अजून नाही. त्रास कमी करणारी आहेत. त्यांत लेव्होडोपा सर्वांत प्रभावी. सुरुवातीला मळमळ होते, उठताना चक्कर येते. काही वर्षांनी शरीराच्या अनावर हालचाली सुरू होऊ शकतात. या भीतीने अनेक जण गोळी पुढे ढकलतात. मात्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात ४४५ रुग्ण पाहिले गेले. लेव्होडोपा ४० आठवडे आधी सुरू केल्याने आजार मंदावला नाही, तसा बळावलाही नाही. म्हणजे त्रासामुळे काम अडत असेल, तर केवळ भीतीपोटी थांबण्यात अर्थ नाही.

प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांनी अनावर हालचालींचा धोका कमी असतो. पण दिवसा अचानक झोप येणे, भास होणे, जुगार किंवा खरेदीचा नाद लागणे हे त्यांचे दुष्परिणाम आहेत. वयस्कर माणसाला ते अधिक जाचतात. रासाजिलीन दिवसातून एकदाच घ्यायची, सौम्य; तिचा गुणही बेताचा. त्यामुळे वय, कामधंदा आणि कोणता त्रास सोसवेल, हे पाहूनच निवड होते.

रमजानमध्ये यात आणखी एक पेच येतो. लेव्होडोपा बहुधा दिवसातून तीनदा घ्यावी लागते आणि रोजा तर तेरा-चौदा तासांचा. घरात कोणाला न सांगता अब्बा दुपारची गोळी सोडतात. असरच्या नमाजला सजद्यातून उठताना पाय साथ देत नाहीत. पाणी कमी पडल्याने रक्तदाब उतरतो, बद्धकोष्ठता वाढते. औषध एकाएकी बंद केले, तर जिवावरही बेतू शकते. इफ्तारला खिम्यासोबतच गोळी घेतली, तर प्रथिनांमुळे तिचा असर घटू शकतो. ती जेवणाआधी अर्धा तास घेतलेली बरी.

कुरआनच्या सूरह अल-बकरामध्ये आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे. बरे झाल्यावर रोजे पूर्ण करावेत. बरे होण्याची आशा नसेल, तर प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवण द्यावे. त्यालाच फिदिया म्हणतात. ही सवलत घेण्यात इमानाची कमतरता नाही.

काहींना डॉक्टर वेळापत्रक बदलून देऊ शकतात, काहींना रोजा नकोच म्हणतात. पण त्यासाठी रमजानच्या आधी महिनाभर डॉक्टरांना स्पष्ट विचारायला हवे. एकादशीचा किंवा नवरात्राचा उपवास करणाऱ्या शेजारच्या आजोबांनाही हेच लागू आहे.

मग दुपारी सून पाण्याचा पेला आणि गोळी पुढे करते, तेव्हा अब्बांनी मान खाली घालायचे कारण नाही. त्याच घरातून संध्याकाळी एका गरजूकडे जेवणाचा डबा जातो.